तालिकापत्रांची छपाई : ग्रामीण ग्रंथालयांनी संगणक आज्ञावली निवडावी कशी?

जुन्नर शहराच्या उत्तरेस सुमारे पाच किलोमीटर अंतरावर, कुकडी नदीच्या खोऱ्यात लेण्याद्रीचा डोंगर उभा आहे. सुमारे तीस लेण्यांच्या या समूहातील सातव्या क्रमांकाच्या विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान असल्याने येथे भाविकांची वर्षभर वर्दळ असते. शेजारचे सहाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे बौद्ध चैत्यगृह होय. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिल्याची नोंद तेथील छोट्या ब्राह्मी शिलालेखात आहे. दान कोणी दिले, तो कोणाचा, कोठचा आणि त्याने दिले काय, एवढ्याच गोष्टी त्यात मोजक्या शब्दांत आल्या आहेत. सुमारे अठराशे वर्षांनंतरही अभ्यासकांना ती नोंद वाचता येते.

ग्रंथालयाच्या तालिकापत्रावरील मजकूर याच जातीचा असतो. ग्रंथ कोणी लिहिला, त्याचे नाव काय, तो कोठे व केव्हा प्रसिद्ध झाला आणि ग्रंथालयात तो कोणत्या जागी ठेवला आहे, हे त्या लहानशा पत्रावरून कळते. ही नोंद नीट नसेल, तर ग्रंथ फडताळात असूनही वाचकाच्या लेखी नसल्यासारखाच असतो.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि पुढील वर्षी ग्रंथालय संचालनालयाचे काम सुरू झाले. या अधिनियमाखाली स्वयंसेवी संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता मिळते आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदानही मिळते. १९७२ साली स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या साह्याने ग्रंथसंग्रहात भर पडते. ग्रंथ येतात, दाखल नोंदवहीत त्यांचे क्रमांक पडतात. परंतु दाखल नोंदवही हे हिशेबाचे साधन आहे. कोणता ग्रंथ केव्हा आला आणि किती किमतीचा, या तपासणी अधिकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर ती देते. ‘द्राक्षबागेवरील रोगांविषयी काही आहे का?’ या वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर तालिका देते. अनेक लहान ग्रंथालयांत हे दुसरे उत्तर ग्रंथपालाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असते. ग्रंथपाल बदलला की स्मरणातील तालिकाही त्याच्याबरोबर जाते.

आता गावोगावी संगणक पोहोचला आहे. तालिकापत्रे हाताने लिहिण्याऐवजी छापून घ्यावीत, असा विचार ग्रंथालय समित्यांपुढे येतो. त्यासाठी कोणती आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, घ्यावे हा प्रश्न वरवर पाहता किमतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो नोंदींच्या आयुष्याचा आहे.

तालिकापत्राची रचना

तालिकापत्राचे प्रमाणित आकारमान १२.५ सेंटिमीटर रुंद व ७.५ सेंटिमीटर उंच असे असते. खालच्या कडेजवळ मध्यभागी छिद्र असून त्यातून खणाची सळई जाते. पत्रे जागेवर राहावीत आणि हाताळताना त्यांचा क्रम बिघडू नये, यासाठी ही योजना आहे. डाव्या कोपऱ्यात वर्गांक असतो. दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३, तर द्राक्षशेतीला ६३४.८ हा अंक मिळतो. त्यापुढे लेखकाचे नाव, त्याखाली ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या असा क्रम असतो.

पत्राच्या तळाशी किंवा मागील बाजूस आणखी एक महत्त्वाची टीप असते. या ग्रंथासाठी आणखी कोणकोणत्या नावांनी पत्रे केली आहेत, ते तेथे नमूद करतात. ग्रंथ गहाळ झाला किंवा नोंदीत चूक आढळली, तर कोणती पत्रे काढावयाची, हे या टिपेवरून समजते. हाताने पत्रे करणारा ग्रंथपाल घाईत नेमकी हीच टीप गाळतो आणि पुढे नसलेल्या ग्रंथाची पत्रे वर्षानुवर्षे खणात राहतात.

एक ग्रंथ, अनेक वाटा

लेण्याद्रीविषयीचा एखादा ग्रंथ उदाहरणादाखल घेऊ. गिरिजात्मजाच्या दर्शनाला आलेला भाविक तो ‘अष्टविनायक’ या शब्दाखाली शोधील. इतिहासाचा विद्यार्थी ‘बौद्ध लेणी’ या विषयाकडे वळेल. सहलीची तयारी करणारे शिक्षक ‘जुन्नर’ हे नाव पाहतील. एखाद्या वृद्ध वाचकाला ‘गणेश लेणी’ हेच नाव परिचयाचे असेल. ग्रंथ एका वेळी एकाच जागी ठेवता येतो. या चौघांनाही त्या जागेपर्यंत पोहोचविण्याचे काम तालिका करते. त्यासाठी लेखक, ग्रंथनाम व विषय यांची स्वतंत्र पत्रे करावी लागतात आणि ‘गणेश लेणी : पाहा लेण्याद्री’ असे संदर्भपत्रही घालावे लागते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगते. त्या सूत्राचे व्यवहारातील रूप ते हेच.

आता कामाचा हिशेब पाहू. समजा, एखाद्या गावच्या ग्रंथालयात ५,००० ग्रंथ आहेत आणि प्रत्येकासाठी सरासरी चार पत्रे लागतात. एकूण २०,००० पत्रे झाली. एक पत्र हाताने सुवाच्य लिहिण्यास तीन मिनिटे धरली, तर १,००० तास लागतील. रोज तीन तास काम केल्यास हे ३३३ दिवसांचे काम होय. आज्ञावलीत मात्र ग्रंथाची माहिती एकदाच भरावयाची असते. त्यास सहा मिनिटे धरली, तरी ५०० तासांत, म्हणजे सुमारे १६७ दिवसांत नोंदी पूर्ण होतात. चारही पत्रे आज्ञावली तयार करते. चूक दुरुस्त करावयाची झाल्यास ती एके ठिकाणी केली की पुरते, पत्रे पुन्हा छापता येतात. छापलेली पत्रे कापून, वर्णक्रमाने लावून खणात घालण्याचे श्रम मात्र दोन्ही पद्धतींत सारखेच आहेत, हे समितीने विसरू नये.

पत्रे छापावीत का?

आज्ञावली पाहण्यापूर्वी समितीने स्वतःलाच एक प्रश्न विचारावा : आपल्या ग्रंथालयाला छापील पत्रांची गरज आहे का?

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने १९०१ पासून छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकावयास प्रारंभ केला. ही विक्री १९९७ मध्ये बंद झाली. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने १९७१ पासून संगणकावर पत्रे छापून पुरविली. शेवटची पत्रे तिने १ ऑक्टोबर २०१५ रोजी छापली. तोपर्यंत तिच्या पत्रांची संख्या सुमारे १९० कोटींवर गेली होती. मोठ्या ग्रंथालयांत आज वाचक पडद्यावरच शोध घेतो.

तथापि जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील, सह्याद्रीच्या कुशीतील वाड्या-वस्त्यांवरचा विचार वेगळ्या अंगाने करावयास हवा. एकच संगणक असेल आणि तो देवघेवीच्या टेबलावर असेल, तर वाचकाला शोध घेण्यासाठी दुसरे साधन हवे. वीज गेली म्हणून तालिका बंद पडून चालत नाही. शाळेतील मुलांना वर्णक्रम, विषय आणि संदर्भ शोधण्याची सवय लावण्यासाठी पत्रांचा खण हे उत्तम साधन आहे. पत्रांना पर्यायही आहे. एक-दोन हजार ग्रंथांच्या संग्रहासाठी लेखकवार व विषयवार अशा दोन छापील याद्या बांधून ठेवल्या, तर खर्च कमी येतो. त्या दरवर्षी नव्याने काढता येतात आणि त्यांची एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीत ठेवता येते. ज्या ग्रंथालयात सतत नवे ग्रंथ येतात, तेथे पत्रे सोयीची, कारण नवे पत्र योग्य जागी घालता येते. यादी मात्र नव्या ग्रंथांपुरती जुनी होत जाते.

पत्र असो, यादी असो वा पडदा असो, तिन्हींचा उगम एकाच नोंदीत आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६६ ते १९६८ या काळात संगणकाला वाचता येणाऱ्या ग्रंथनोंदीचा ‘मार्क’ हा नमुना सिद्ध केला. हेन्रिएट अॅव्हरम यांनी या कामाचे नेतृत्व केले. त्या नोंदींपासून पत्रे छापली गेली. पुढे पत्रांची छपाई थांबली, परंतु नोंदी टाकून द्याव्या लागल्या नाहीत. त्याच नोंदी पडद्यावरील शोधासाठी उपयोगी पडल्या. आज्ञावली निवडताना ध्यानात ठेवण्याजोगा धडा हा आहे. पत्र झिजेल, छपाईचे यंत्र बदलेल, आज्ञावलीही जुनी होईल. काळजीपूर्वक केलेली नोंद या सर्वांपेक्षा अधिक काळ टिकावी, अशी व्यवस्था हवी.

मराठीची कसोटी

परदेशात किंवा इंग्रजी ग्रंथांसाठी उत्तम ठरलेली आज्ञावली मराठी संग्रहासाठी तितकीच उपयोगी पडेल, असे नाही. त्यासाठी चार बाबी पाहाव्यात.

पहिली बाब लिपीसंकेताची. काही वर्षांपूर्वीपर्यंत मराठी टंकांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे आकार बसविलेले असत. तो टंक संगणकावर असेपर्यंत मजकूर मराठी दिसे. टंक गेला की त्याच मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटत. अशा रीतीने भरलेल्या नोंदी पुढे वाचण्याजोग्या राहत नाहीत आणि वर्षाचे श्रम वाया जातात. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा प्रमाणित संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘युनिकोड’ या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली. आज नोंदी युनिकोडमध्येच साठविणारी आज्ञावली घ्यावी. ‘मराठी चालते’ एवढ्या आश्वासनावर समाधान मानू नये.

दुसरी बाब एकसारखे दिसणाऱ्या अक्षरांची. ‘वऱ्हाड’ किंवा ‘दऱ्या’ या शब्दांतील अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकित करता येतो. ‘अॅ’ हे अक्षरही दोन प्रकारे साठविले जाते. डोळ्याला फरक दिसत नाही, पण संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न शब्द असतात. एकाने भरलेली नोंद मग दुसऱ्याला सापडत नाही. आज्ञावली हा भेद मिटविते का, हे पाहावे. मिटवीत नसेल, तर सर्वांनी एकच कळफलक व एकच पद्धत वापरण्याचा नियम करावा. ‘लेण्याद्री’ आणि ‘लेण्याद्रि’ यांसारख्या लेखनभेदांसाठीही एक रूप ठरवून दुसऱ्यावरून ‘पाहा’ असा संदर्भ द्यावा.

तिसरी बाब वर्णक्रमाची. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरे येतात. युनिकोडमधील अंकक्रमाने मात्र ळ हा ल आणि व यांच्या मध्ये पडतो, क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये मिसळतो. केवळ अंकक्रमाने लावलेल्या यादीत ‘ज्ञानेश्वर’ हे नाव ‘जोशी’ या नावानंतर येईल. अनेक शब्दकोशांतही क्ष व ज्ञ अनुक्रमे क व ज मध्येच दिलेले असतात. दोन्ही पद्धती प्रचलित असल्याने ग्रंथालयाने एक निश्चित करावी, खणावर तशी सूचना लावावी आणि आज्ञावली त्या क्रमाने पत्रे छापू शकते का, ते तपासावे. हा क्रम जुळला नाही, तर हजारो पत्रे पुन्हा हाताने लावण्याची वेळ येते.

चौथी बाब नावांची. ‘कुसुमाग्रज’ आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ एकच आहेत, हे संगणकाला सांगितल्याखेरीज कळत नाही. ‘केशवसुत’ व कृष्णाजी केशव दामले, ‘बालकवी’ व त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचेही तसेच. जुन्नरच्या लेण्यांतील लेख ज्या ग्रंथात संगृहीत झाले, तो जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा ग्रंथ मुंबईस १८८१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बर्जेस हे आडनाव असल्याने ‘बर्जेस, जेम्स’ अशी उलट नोंद होईल. इंद्रजी हे मात्र भगवानलाल यांच्या वडिलांचे नाव आहे. शेवटचा शब्द आडनाव मानून आपोआप नाव उलटविणारी आज्ञावली येथे चुकते. नावाचे अधिकृत रूप एकदा ठरवून, त्यावर इतर रूपांचे संदर्भ देण्याची सोय आज्ञावलीत असणे आवश्यक आहे.

उपलब्ध मार्ग

युनेस्कोने सूक्ष्म संगणकांसाठी ‘सीडीएस-आयसिस’ ही आज्ञावली १९८५ मध्ये उपलब्ध करून दिली आणि भारतातील अनेक ग्रंथालयांनी संगणकाचा श्रीगणेशा तिच्यापासून केला. ग्रंथपालाला आपल्या गरजेप्रमाणे छपाईचा साचा लिहिता येई, हा तिचा मोठा गुण होता. भारतीय लिप्यांसाठी त्या काळी पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेचे ‘जिस्ट’ तंत्र संगणकात बसवावे लागे. आज ज्या ग्रंथालयात अशा जुन्या नोंदी असतील, त्यांनी त्या प्रथम युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात.

सध्याच्या पर्यायांपैकी ‘ई-ग्रंथालय’ ही आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय ग्रंथालयांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून विकसित केली. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राची ‘सोल’ ही आज्ञावली प्रामुख्याने महाविद्यालये व विद्यापीठे यांच्यासाठी आहे. ‘कोहा’ ही न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालय न्यासाच्या गरजेतून तयार होऊन २००० साली सर्वांसाठी खुली झालेली आज्ञावली. माओरी भाषेत कोहा या शब्दाचा अर्थ भेट किंवा दान असा होतो. ती विनामूल्य वापरता येते आणि ‘मार्क’ पद्धतीच्या नोंदी ठेवते. ग्रंथांच्या पाठीवरील चिठ्ठ्या छापण्याची सोय तिच्यात आहे. तिचा मुख्य भर मात्र पडद्यावरील शोधावर असल्याने तालिकापत्रांसाठी नोंदी बाहेर काढून त्यांना वेगळा साचा द्यावा लागतो. शिवाय आज्ञावली विनामूल्य असली, तरी ती बसविणे, सांभाळणे आणि शिकविणे यांसाठी जाणकार माणूस लागतो. त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

ज्या ग्रंथालयात हजारभरच ग्रंथ आहेत, त्यांना याहून साधा मार्ग खुला आहे. संगणकावरील तक्त्यात लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष, वर्गांक, विषय व दाखल अंक असे स्वतंत्र रकाने करावेत आणि पत्रांच्या साच्यात ती माहिती आपोआप भरली जाईल, अशी जोडणी करावी. एकसारखी पत्रे अनेकांना पाठविण्यासाठी कार्यालयांत हीच युक्ती वापरतात. लेखकाचे नाव व ग्रंथनाम एकाच रकान्यात भरू नये, हा एक नियम पाळला, तर हा तक्ता पुढे मोठ्या आज्ञावलीत नेता येतो.

दहा ग्रंथांची चाचणी

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात सर्व काही सुरळीत दिसते, कारण उदाहरणे त्याने निवडलेली असतात. ग्रंथालयाने आपल्या फडताळातील दहा ग्रंथ घेऊन चाचणी करावी. त्यात पुढील प्रकार असावेत : एकाच लेखकाची कादंबरी, टोपणनावाने लिहिलेला कवितासंग्रह, दोन लेखकांचा ग्रंथ, संतवाङ्मयाची संपादित आवृत्ती, मूळ लेखक व अनुवादक अशी दोन नावे असलेला अनुवाद, अनेक खंडांचा मराठी विश्वकोश, जिल्हा गॅझेटियरसारखे शासकीय प्रकाशन, पाच प्रती असलेले बालवाङ्मय, शेतीविषयक पुस्तिका आणि एक इंग्रजी ग्रंथ.

या दहा ग्रंथांच्या नोंदी विक्रेत्याऐवजी ग्रंथपालाने स्वतः भराव्यात. त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. प्रत्येक ग्रंथाची लेखक, ग्रंथनाम व विषय अशी पत्रे एकाच नोंदीतून निघतात का?

२. लांबलचक ग्रंथनाम पत्रात मावते का? मजकूर उरल्यास दुसरे पत्र जोडले जाते, की शब्द तुटतो?

३. ‘वाङ्मय’, ‘शृंगार’, ‘ज्ञानेश्वर’, ‘लेण्याद्री’ यांतील जोडाक्षरे कागदावर अखंड उमटतात का? पडद्यावर नीट दिसणारे अक्षर छपाईत फुटू शकते.

४. एकच नवे पत्र छापता येते का? दर वेळी शंभर पत्रे जमेपर्यंत थांबावे लागत असेल, तर तालिका सदैव मागे राहील.

५. ग्रंथ बाद केल्यावर त्याची कोणती पत्रे काढावयाची, याची यादी मिळते का?

६. दहाही नोंदी आज्ञावलीतून बाहेर काढून दुसऱ्या संगणकावरील साध्या तक्त्यात मराठीत वाचता येतात का?

छपाईच्या साहित्याचीही परीक्षा याच वेळी करावी. ‘ए-४’ आकाराच्या जाड कागदावर प्रमाणित आकाराची चार पत्रे बसतात, म्हणजे वरील २०,००० पत्रांना ५,००० ताव लागतील. छपाईयंत्र जाड कागद ओढून घेते का, हे प्रत्यक्ष पाहावे. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात हवा दमट असते. पाण्यात विरघळणाऱ्या शाईची अक्षरे ओल्या बोटांनी पसरतात. कोरडी भुकटी वापरणाऱ्या लेझर यंत्राची छपाई अशा हवेत अधिक टिकते.

नोंदींची मालकी

वरील सहा प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पत्राचा आकार थोडा चुकला, तर साचा बदलता येतो. नोंदी आज्ञावलीतून बाहेरच निघत नसतील, तर त्या ग्रंथालयाच्या राहत नाहीत. विक्रेत्याने व्यवसाय बंद केला, वार्षिक शुल्क वाढविले किंवा संगणक बिघडला, तर संस्थेला पुन्हा पहिल्या ग्रंथापासून आरंभ करावा लागतो. लहान ग्रंथालयाच्या तुटपुंज्या साधनांत असे काम दुसऱ्यांदा होणे कठीण असते.

म्हणून खरेदीच्या करारात तीन अटी स्पष्ट शब्दांत असाव्यात. नोंदींची मालकी ग्रंथालयाची राहील. ग्रंथालय मागेल तेव्हा सर्व नोंदी युनिकोड मजकुराच्या तक्त्यात आणि शक्य तेथे ‘मार्क’ नमुन्यात विनामूल्य मिळतील. करार संपल्यानंतरही जुन्या नोंदी पाहता व छापता येतील. कोणती आज्ञावली घ्यावी याविषयी समितीत मतभेद झाला, तर या तीन अटी मान्य करणाऱ्या आज्ञावलीला प्राधान्य द्यावे.

नोंदींच्या प्रती ठेवण्याची शिस्तही तितकीच आवश्यक आहे. दर महिन्याच्या अखेरीस सर्व नोंदींची एक प्रत ग्रंथालयात वेगळ्या साधनावर आणि एक प्रत गावातील शाळेत अथवा ग्रामपंचायत कार्यालयात ठेवावी. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विसंबून राहणे धोक्याचे असते.

ज्ञानाची नोंद ठेवण्याचे काम किती दीर्घकाळ उपयोगी पडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेल्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांचा भाग १९४४ साली आणि १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांचा भाग १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापाशी संगणक नव्हता. काटेकोर, एकसूत्री नोंदी एवढेच त्यांचे साधन होते. मराठी ग्रंथांचा शोध घेणारा अभ्यासक आजही त्या सूचीकडे वळतो.

गावाने करावयाचे काम

हे काम एकट्या ग्रंथपालावर सोपवून भागणार नाही. विषयांचे शब्द ठरविताना प्राथमिक व माध्यमिक शाळांतील शिक्षकांचे साह्य घ्यावे. वाचक कोणत्या शब्दाने ग्रंथ मागतो, हे त्यांना ठाऊक असते. ‘उद्यानविद्या’ या शास्त्रीय शब्दाबरोबर ‘फळबाग’ हा शब्दही पत्रावर यावा, हे शेतकरी वाचकच सांगू शकतो. महाविद्यालयाचे ग्रंथपाल जवळपास असतील, तर वर्गांक देण्याच्या कामी त्यांचे मार्गदर्शन घ्यावे. शेजारच्या गावांतील ग्रंथालयांनी एकच आज्ञावली आणि नावांचे एकच नियम स्वीकारले, तर एकाने केलेली नोंद दुसऱ्याला घेता येईल आणि एकाच ग्रंथासाठी दोनदा श्रम होणार नाहीत. पंचायत सदस्यांनी अशा ग्रंथालयांची एक बैठक घडवून आणली, तरी कामाची मोठी बचत होईल.

प्रारंभ स्थानिक संग्रहापासून करावा. लेण्याद्री, शिवनेरी, नाणेघाट, तुळजा व मानमोडी येथील लेणी, परिसरातील शेती, धरणे, लोकजीवन यांविषयीचे ग्रंथ, पुस्तिका व अहवाल यांची पत्रे प्रथम तयार व्हावीत. कादंबरीची नोंद इतर ग्रंथालयांतूनही मिळेल. गावच्या पाणीपुरवठा योजनेची पुस्तिका किंवा शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका कदाचित याच एका ग्रंथालयात असेल आणि तिची नोंद येथे झाली नाही, तर ती अन्यत्र होण्याचा संभव थोडा. पहिली शंभर पत्रे अशा साहित्याची छापावीत, ती खणात लावून वाचकांच्या हाती द्यावीत, त्यांना काय सापडले व काय सापडले नाही याची विचारपूस करावी आणि त्यानंतरच उरलेल्या संग्रहाचे काम हाती घ्यावे.